रूपालीचे तीन डबे

...नाई, पन मले एक सांगा, मी फुलं इकनारा मानूस, जुन्या शहरात मोर्नेच्या पुलापासून चौथं दुकान, तीस वर्षं झाले शेवंती, झेंडू, निशिगंध, याच्यापलीकडं माहा कशाशी संबंध नाई, मंग सकाळपासून जो येते तो मलेच काहून इचारून राह्यला का रामरावजी, तुमची भाची नेमकं करते काय? अरे तिले इचारा ना! नंबर देतो, लिहून घ्या! पन नाई. पावशेर झेंडू घेतीन आन् अर्धा घंटा इचारतीन, आन् पेपरवाल्यानं तं काय छापलं मालूम हाय का, "युवतीने संगणकावर फुलवली रानभाजी"! संगनकावर भाजी फुलते का बावा? तुमी फुलवून पाह्यली? बसा, बसा, ते बोचकं सरकवा आन् बसा. मले त्यातलं काय समजते? पन सांगतो. कारन त्या दिवशी तठी शेवटलोक एका जागी उभा असलेला मानूस एकच होता, आन् तो मी.

तं रूपाली. माह्या बहिनीची, शकुनची पोरगी. बडनेऱ्याच्या पलीकडं यायचं दोन एकर हाय, मेथी, पालक, सांभार म्हन्जे कोथिंबीर. बाप भगवंत, भल्ला मानूस, पन दिवसाचे धा शब्द बोलते आन् त्यातले सहा बैलाशी. पोट्टी अमरावतीले कम्प्युटर शिकली. सगळे म्हनले, गेली आता पुन्याले. नाई गेली! अमरावतीतच एका संस्थेत लागली, आन् संस्था काय करते तं रानभाज्यायची माहिती गोळा करते. मी म्हनलं, "बाई, भाजीवाल्याची पोट्टी तू, चार वर्षं कम्प्युटर शिकली आन् पुन्हा भाजीतच?" तं हासली. म्हने, "मामा, तठी भाजी तोलायची. अठी जोडायची हाय."

जोडायची! आता मले सांगा, भाजी काय पाइप हाय जोडाले?

पन मंग तिनं समजवलं, आन् समजवते बरं ते, असे डोये मोठे करून. म्हने मामा, एका भाजीले धा नावं. आपन तरोटा म्हन्तो, कोनी टाकळा म्हन्ते, मेळघाटात कोरकू लोकायचं नाव अलग, डॉक्टर लोकायचं लॅटिन नाव अलग. कम्प्युटरले वाटते धा भाज्या हायेत. म्हनून त्या भाजीले एक पक्का पत्ता द्यायचा. जसं, रामराव फुलवाले, जुनं शहर, अकोला. आता मले कोनी रामरावजी म्हनो, कोनी मामा म्हनो, कोनी "ए झेंडू" म्हनो, म्हनतेत दोघं-तिघं, पत्ता एकच! आन् मंग त्या पत्त्याले सगळं बांधायचं, नावं, फोटो, कोठी उगवते, कशी रांधतेत, आन् हे सांगतलं कोनं. तिकडं दिल्लीच्या कम्प्युटरात त्याच झाडाचं अजून काई असन, तं तेबी त्याच धाग्यात. लिंक्ड डेटा म्हन्तेत म्हने त्याले. मी म्हनलं, बाई, हार म्हन ना सरळ!

"हो मामा," म्हने. "हारच."

पाहा! मले त्यातलं काय समजते? पन पहिल्याच डावात बराबर बोललो का नाई?

आता याच्यातबी भानगड अशी का मांगनारे दोन जातीचे. एक तुमी-आमी. आपल्याले फोटो पायजे, मोठं अक्षर पायजे. दुसरे मशीन. मशीनले फोटो नाई चालत, त्याले कंस पायजेत, कंसात कंस, कोलन, अवतरनचिन्हं, जसं कोनं कागदावर मुंग्या सोडल्या. पत्ता तोच, माल तोच, बांधनी अलग. आन् मांगनारा येतानाच संग चिठ्ठी आनते म्हने, का मले असं पायजे, तसं पायजे. माह्या दुकानात नाई का, तीच शेवंती, एकाले सुटी पायजे, एकाले गजरा, एकाले नवरदेवाचा हार. इचारल्याशिवाय देतो का मी?

मी नाई देत. पन पियुष सर देते!

पियुष सर म्हन्जे रूपालीचा साहेब. मूळचा अकोल्याचाच हाय, गोरक्षन रोडचा, पन तीन वर्षं पुन्याले राहून आला तं आता "मले" म्हनत नाई, "मला" म्हन्ते! मानूस वाईट नाई. घाबरट हाय. गेल्या साली कोन्या कार्यक्रमात पाहुन्यायसमोर यायचा कम्प्युटर झोपला होता, तं तवापासून त्याले एकच ध्यास. मी तठी एक दिवस हार द्यायले गेलो तं म्हनून राह्यला, "रूपाली, महोत्सवाच्या आधी आपण कॅश लावून घेऊ या. कॅश लावली की सर्व्हर दमत नाही." मी मनात म्हनलं, घ्या! आता मशीनलेबी पैसे चारा लागतेत!

रूपाली बाहेर आली तं पोट धरून हासली. म्हने, "मामा, ते पैशावालं कॅश नाई हो. हे साठवन. दर डाव नवं रांधायचं नाई, एक डाव रांधलं का डब्यात भरून ठेवायचं आन् येईन त्याले डब्यातून द्यायचं. तुमी नाई का, कालच्या शेवंतीले ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवता आन् पानी मारून आजची म्हनून देता."

आता हे चार लोकायत सांगायची गोष्ट हाय का? मी म्हनलं, हळू बोल! पन समजलं मले. डबा. ठीक हाय. डबा काई वाईट नाई. शिळं झालं का फेकता आलं पायजे, एवढंच.

तं श्रावनातला रविवार. अमरावतीले एक मोठं मंगल कार्यालय, तठी रानभाजी महोत्सव. दोनेकशे मानूस. आन् यायनं स्पर्धा अशी ठेवली का टोपल्यायवर ते चौकोनी ठिपक्यायचं चित्र चिकटवेल, त्याच्यावर फोन धरायचा, रूपालीचं पान उघडते, त्या पानावर जसं लिहिलं तसं रांधायचं. अठ्ठावीस शेगड्या! भगवंत आलेला, नवा सदरा. शकुन आलेली. आन् रूपालीचे मोठेबाबा, भगवंताचे मोठे भाऊ, नत्थुजी. यायचं काय सांगू तुमाले? या मानसानं आयुष्यात कोनाले चांगलं म्हनलं नाई. लग्नात जेवून उठले का म्हन्तीन, "मीठ बराबर होतं, बाकी ठीक." रूपालीच्या नोकरीचं नाव काढलं का चालू, "आमी जल्मापासून भाज्या खाऊन राह्यलो, आमाले काय मोबाइल सांगन का तरोटा कोनता?" पन स्पर्धेत नाव पहिलं यायचंच!

आन् पहिल्या रांगेत पार्बताबाई. मेळघाटातल्या सेमाडोहच्या. वय इचाराल तं त्यायलेच मालूम नाई. रानात फिरून भाज्या, कंद आनतेत, आन् रूपालीच्या त्या हारात अर्धी फुलं या बाईची. रूपाली बारा-पंधरा डाव गेली तिच्या घरी, ओट्यावर बसून एकेक नाव लिहून घेतलं. आन् पार्बताबाईनं एकच अट घातली होती. म्हने, "माह्या नावानं लिहितं ना व? तं खरं लिही. माह्या नावानं कोनी मेलं तं मी रानात कोन्या तोंडानं जाऊ?" हे रूपालीनं मले तवाच सांगतलं होतं, आन् सांगताना हासली नव्हती. तं ह्या बाईचा सत्कार होता त्या दिवशी. पहाटची येष्टी धरून, परतवाड्याले गाडी बदलून, टोपलं डोक्यावर, आली माय माही.

आन् माही ड्युटी काय? मी हार घेऊन गेलो होतो, पाहुना म्हनून, इज्जतीत! तं त्या इंटरनेटच्या डब्बीची पिन भिताडात ढिली. सोडली का लाल लाइट, दाबली का हिरवा. रूपाली म्हने, "मामा, जराकशी धरता का?" जराकशी! तीन घंटे! एका हातानं भिताड दाबून, जसं मंगल कार्यालय माह्याच्याच भरवशावर उभं हाय!

बरं. अकरा वाजले. पाहुने आले. शिट्टी झाली, दोनशे फोन टोपल्यायवर झुकले, आन्...

मुंग्या!

कंस! कोलन! अवतरनचिन्हं! एकाबी फोनात भाजी नाई! एक बाई म्हने, "अव माय, माह्या लेकीचा फोन बिघडवला यायनं!" एक जन म्हने, "हे काय बे, गनिताचा पेपर हाय का?" दुसरा म्हने, "वायरस हाय, बंद करा, बँकेतलं जाईन!" आन् नत्थुजी, शेगडीमागून, सगळ्यायले ऐकू जाईन असं, "मी काय रांधू आता? कंस? फोडनीले कोलन टाकू का?" लोकं हासले ना! भगवंतानं मान खाली घातली. आन् पियुष सर मंचावर पाहुन्याच्या बाजूले बसून घाम पुसून राह्यले, आन् रूपालीले खुनावून राह्यले, असं, हातानं, का काईतरी कर, पन कोनाले दिसू देऊ नको!

आन् पोट्टी? माह्या बाजूले प्लास्टिकच्या खुर्चीवर, मांडीवर लॅपटॉप. मी पाहून राह्यलो, हात कापते का, डोयात पानी येते का. काई नाई! ओठ आत दाबला, बस. लहानपनी मेथीच्या जुड्या बांधताना दाबे ना, तसा. आन् स्वतःशीच बोलली, "पह्यले मशीन आलं वाटते."

मी म्हनलं, कोनतं मशीन? कोठी आलं?

तं झालं असं होतं. शनिवारी सांजेले पियुष सरनं मोठा डबा दारातच बसवला, रूपालीले न इचारता. सकाळी दिल्लीचं का कोठलं मशीन आलं, त्याच्या चिठ्ठीत होतं, कंस पायजेत. त्याले कंस देल्ले. बराबर हाय. पन तेच कंस डब्यात भरून ठेवले, आन् मंग आपले दोनशे लोकं आले, तं डब्यानं कोनाची चिठ्ठी वाचलीच नाई! पत्ता तोच हाय ना, मंग घ्या, कंस! म्हन्जे कसं, का सकाळी पहिलं गिऱ्हाईक मैताचा हार घेऊन गेलं, म्हनून दुपारी नवरदेव आला तं त्यालेबी मैताचाच हार! घाल बापा गळ्यात!

मले त्यातलं काय समजते? पन एवढं समजलं. आन् पोरीनं काय केलं, त्या डब्याले एक ओळ लिहून देल्ली. एकच! का पत्ता पाहून देऊ नको, चिठ्ठीबी पाह्य. जो जसं मांगीन त्याचा डबा अलग. आन् भरेल होतं ते सगळं ओतून देल्लं. सात मिनिटं. मी घड्याळ पाह्यलं, दुसरं पाहाले होतंच काय मले, भिताड!

आन् तुमाले सांगतो, पह्यले एका कोपऱ्यातून आवाज आला, "आली! आली! काटवल आली!" मंग इकडून, "तरोटा आला!" "कुंजरू आली!" अख्ख्या हॉलात भाज्या उगवून राह्यल्या! टाळ्या! मी एका हातानं कशी वाजवू? पाय आपटले. शकुन मले दुरून पाहून राह्यली का याले काय झालं.

आन् अठी, बरं का, अठी मी म्हनलं असतं का झाली गोष्ट, जेवा आन् जा. पन नाई.

नत्थुजी. आता सगळे काटवल, तरोटा घेऊन बसले, तं नत्थुजीले जगापरस अलग पायजे. पार्बताबाईनं दाखवासाठी आनलेल्या टोपल्यातून त्यायनं एक कंद उचलला. असा, डोक्याएवढा. बैचांदी म्हन्तेत त्याले. सोलला, फोडी केल्या, भगोनं चढवलं. आन् फोन दूर धरून, चष्म्याच्या खालून, मोठ्यानं वाचाले लागले, कारन चूप वाचनं यायच्या रक्तात नाई. "बैचांदी. रानातला कंद. सोलून, उकडून, तिखट-मीठ लावून खावा. माहिती सांगणारी, पार्बताबाई, सेमाडोह."

रूपालीचे बोटं थांबले.

मी तिच्या बाजूले होतो, मी पाह्यलं. मघाशी दोनशे लोकं हासले तवा हे पोट्टी पांढरी नाई पडली. आता पडली. मले म्हने, एकदम हळू, "मामा, हे चुकीचं हाय. हे मी तीन हप्ते पह्यले सुधरवलं होतं."

कारन बैचांदी, बरं का, नुसती उकडून खाल्ली तं मानूस जागेवर फिरते. जहर हाय ते. सेमाडोहचे लोकं त्याच्या पातळ चकत्या करतेत, टोपल्यात भरतेत, आन् वाहत्या पान्यात दिवसच्या दिवस ठेवतेत, मंग खातेत. कोन्या कारकुनानं दुसऱ्या कंदाची रीत याच्यात लिहून टाकली होती. पार्बताबाईले रूपालीनं वाचून दाखवलं तवा बाई किंचाळलीच म्हने, आन् रूपालीनं तठीच, ओट्यावर बसून, सुधरवलं. मंग हे जुनं आलं कोठून?

पन ते मंग. पह्यले हे पाहा, का पार्बताबाई. वाचता येत नाई त्या बाईले. पन कान हायेत! आपलं नाव ऐकलं, आन् नावाच्या पह्यले "उकडून खावा" ऐकलं, आन् उठली. सत्काराची शाल अंगावर, नारळ हातात. लोकं म्हनून राह्यले, बसा आजी, बसा. आजी कोन्या बसतेत! सरळ नत्थुजीच्या शेगडीपाशी. तठी नत्थुजीनं एक फोड काट्यावर घेतली, फू फू केलं, ओठाले लावली, आन्...

फाट्!

हातावर चापट. फोड तिकडं, काटा तिकडं. नारळ खाली ठेवला, पदरानं भगोनं धरलं, आन् ओतलं सगळं बाहेर मातीत. नत्थुजीले साठ वर्षांत कोनी हात लावला नसन! तोंड उघडलं बोलाले, तं बोलता कोठी येते? फोड ओठाले टेकली होती ना! ओठ मुंग्याले, जीभ खाजवे. "थ... थ... थे खाय हाय" असं काईतरी निंगालं. डॉक्टर होते तठी एक, त्यायनं गुळन्या करवल्या, बसवून ठेवलं, म्हने काई होत नाई, पोटात गेलं नाई. पन दोन घंटे नत्थुजी चूप! दोन घंटे! मोठीमाय, नत्थुजीची बायको, म्हने, "असंच ऱ्हाऊ द्या डॉक्टरसाहेब, काई घाई नाई."

तुमी हासून राह्यले. तवा कोनी नव्हतं हासत. कारन पार्बताबाई वळली आन् आमच्या भिताडापाशी आली, रूपालीसमोर. आवाज नाई चढवला. म्हने, "तू म्हनली होती सुधरवलं."

रूपाली म्हने, "सुधरवलं होतं, आजी."

"मंग त्या फोनात कोन बोलून राह्यलं? माह्या नावानं?"

आता तुमी असते तं काय बोलले असते? मी असतो तं म्हनलं असतं, तांत्रिक कारन हाय. सगळे तेच म्हन्तेत. हे पोट्टी म्हने, "चूक आमची हाय. दोनशे फोनात हाय. आत्ता काढतो. तुमी माह्यासंग या."

कारन तिले एका झटक्यात समजलं होतं का डबा एक नाई. दारातला तिनं रिकामा केला. पन आत, चुलीपाशी, अजून एक डबा हाय. मानसायसाठीचे पानं महिन्यातून एक डाव बनवून ठेवलेले, पियुष सरनंच, आन् कोनाले सांगतलं नाई. रूपाली सुधरवताना जे पाहे ते ताजं, मूळ नोंदीतलं, जसं थेट विहिरीवरचं. लोकायले मिळे ते डब्यातलं, गेल्या महिन्याचं. कंस होते तवा कोनी मेलं नसतं हो! कंस कोन खाते? चांगलं दिसाले लागलं तवाच जिवावर आलं!

आन् त्या आतल्या डब्याची किल्ली, पासवर्ड, एकट्या पियुष सरजवळ. आन् पियुष सर मंचावर. आन् पाहुन्यायचं भाषन चालू, "माहिती तंत्रज्ञानाच्या या युगात..." त्या युगात हे पोट्टी मंचावर चढली! चप्पल खालीच. एका हातात लॅपटॉप, एका हातात पार्बताबाईचा हात. पियुष सर फुसफुसले, "रूपाली, नंतर, नंतर, आता पाहुणे आहेत." तं तिनं काय केलं, पाहुन्यायले हात जोडले, "साहेब, एक मिनिट," आन् माइक घेतला. घेतला! हातातून! शकुननं तोंडावर पदर धरला. माहा हात सुटता सुटता राह्यला भिताडावरून.

म्हने, "बैचांदीच्या पानावर लिहिलेलं चुकीचं हाय. कोनी रांधू नका, कोनाले फोटो काढून पाठवू नका, पाठवला असन तं आत्ता फोन करून सांगा. खरं काय ते या आजी सांगतेत." आन् माइक पार्बताबाईच्या हातात. आन् पार्बताबाईनं सांगतलं, असं, सुईत धागा ओवल्यासारखं, चकत्या किती पातळ, पानी वाहतंच काहून पायजे, साचेल काहून नाई चालत, चाखायची कधी. ते कोन्या डब्यातलं नव्हतं ना भाऊ! थेट झऱ्याचं होतं.

आन् तिकडं रूपाली पियुष सरच्या खुर्चीपाशी, गुडघ्यावर लॅपटॉप. "सर, पासवर्ड." सर म्हने, "मी टाकतो." पन घाईघाईत तीन डाव चुकला. शेवटी कानात सांगाले गेला, आन् पार्बताबाईनं माइक तठीच टेबलावर ठेवेल, चालू! अख्ख्या कार्यालयात घुमलं, "पुरणपोळी... एकवीस..."

आन् तिसऱ्या रांगेतून त्याची बायको, "डॉक्टरनं बंद केली ना तुमाले!"

झाला आतला डबा रिकामा. मी म्हनलं, सुटलो. तं म्हने, नाई मामा, तिसरा हाय. तिसरा? म्हने, फोनाच्या पोटातबी एकेक डबा असते, त्यायनं आधीचं पान धरून ठेवलं असन. म्हन्जे दोनशे डबे! मंग तिनं पुन्हा माइक घेतला, "सगळ्यायनं पान उघडा, बोट वर ठेवा आन् खाली ओढा." आन् तुमाले सांगतो, पाहुन्यायपासून तं भांडेवाल्या बाईपर्यंत, दोनशे मानसायचं बोट एकाच येळी वरून खाली! आन् मंग एकेक म्हने, "बदललं." "माहं बदललं." "अव, माहंबी."

रूपाली मंचावरच खाली बसली, पार्बताबाईच्या पायाशी, आन् वाचून दाखवलं. सगळं. सावकाश. शेवटी, "माहिती सांगणारी, पार्बताबाई, सेमाडोह." बाई म्हने, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. म्हने, "आता ऱ्हाऊ दे माहं नाव."

बस, एवढंच. शाबास नाई, काई नाई. पन रूपाली मले मंग सांगे का मामा, परीक्षेत पहिली आली तवा असं नाई वाटलं.

आन् पियुष सर, घाबरट म्हनलं ना मी, तं त्या घाबरट मानसानं माइक घेतला आन् सगळ्यायसमोर म्हनलं, "दोन्ही डबे माझे होते. तिला विचारायला पाहिजे होतं." मानलं आपन! पुन्याले जाऊन आलेला मानूस, "माझं चुकलं" म्हन्ते!

आन् भगवंत. हे कोनी नाई पाह्यलं, मी पाह्यलं, कारन मी भिताडाले चिकटेल. गर्दी जेवाले गेली तवा तो शकुनचा फोन घेऊन खांबामागं उभा. चष्मा लावला. भाजी नाई पाह्यली त्यानं. अगदी खाली, बारक्या अक्षरात लिहिलं असते, नोंद जोडणारी, रूपाली भगवंत. ते पाहे. आन् त्या अक्षरावर असं बोट ठेवलं, तं पान सरकलं, गेलं! घाबरला ना मानूस! धावतच आला, "बाई, माह्याच्यानं मोडलं का व?"

पोट्टी तवा रडली. तवालोक नाई.

तं त्याच्या पुढच्या हप्त्यात हे माह्या दुकानात येऊन बसली, वही घेऊन. म्हने, मामा, कोनतं फूल किती दिवस टिकते सांगा. मी म्हनलं, झेंडू चार दिवस, शेवंती तीन, निशिगंध दुसऱ्या दिवशी मान टाकते, आन् मोगरा सकाळचा सांजेलोक. तं ते लिहून राह्यली! आता तठी तसाच कायदा केला पोरीनं. लॅटिन नाव काई रोज बदलत नाई, ते महिनाभर डब्यात ऱ्हाऊ द्या. फोटो आठ दिवस. आन् जिथं जिवाशी गाठ हाय, जहर हाय का नाई, कसं धुवायचं, ते डब्यात ठेवायचंच नाई. हर डाव विहिरीवर जाऊन इचारायचं, बदललं का? नाई? मंग दे. सर्व्हर दमते? दमू दे! आन् तिकडं नागपूरचे, दिल्लीचे लोकं आता तिले फोन करून इचारतेत का मॅडम, तुमी हे कसं ठरवलं? ते सांगते, मामाले इचारून. खरं सांगते! मले त्यातलं काय समजते बावा? पन दिल्लीच्या कम्प्युटरात माहा मोगरा हाय!

आन् नत्थुजी? त्यायची जीभ सुधरली, पन मानूस बिघडला. आता ते काईबी खात नाईत. ताटात वाढलं का पह्यले फोन काढतेत, पान उघडतेत, बोट खाली ओढतेत, आन् रूपालीच्या पानावर "खाण्यास योग्य" लिहिलं असन तरच घास उचलतेत. आन् परवा मोठीमायनं केली भरल्या वांग्याची भाजी. आता वांगं काय रानभाजी हाय? त्या रानभाज्यायच्या कोशात वांगं येईन कोठून? "पान नाई उघडत, मी जेवत नाई!" मोठीमाय रूपालीले फोनवर फोन, "बाई, टाक व एकदाचं ते वांगं तुह्या कम्प्युटरात, मानूस दोन दिवसाचा उपाशी हाय!"

तं आता पोट्टी काय करून राह्यली म्हनून इचारता ना तुमी सकाळपासून? वांग्याले पत्ता देऊन राह्यली. वांगं झालं का मोठेबाबायनं यादी देल्ली हाय, भेंडी, बटाटा, वरन-भात...